अण्णा खाली बसलेत

मला एका जागी बसता येत नाही. आमच्या घरी, देवासला, मी वरणभात एका खोलीत खातो आणि ताक दुसऱ्या खोलीत जाऊन पितो, असं आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. मी ताक अंगणात पितो, पण ते सोडा. बँकेत टोकन घेतलं की नंबर येईपर्यंत मी भाजी, किराणा आणि एखादं भांडण उरकून परत येतो. सबंध जगात एकच माणूस असा आहे की ज्याच्यासमोर मी सलग बसू शकतो, आणि गेल्या दिवाळीत त्याच माणसाला उचलून पुण्याला नेण्याचं घाटत होतं.

तो माणूस म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. ऐंशीला टेकलेत, धारला एकटे राहतात. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पेरू. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. दूधवाल्याशी माळवी, शेजाऱ्यांशी हिंदी, देवाशी संस्कृत आणि आमच्याशी मराठी; आणि ती मराठीही अशी जुनी की धारच्या जुन्या दरबारातल्या कारकुनांनीसुद्धा 'अण्णा, जरा सोपं बोला' म्हणून हात जोडले असते. आम्ही 'मला' म्हणतो तिथे ते 'मजला' म्हणतात. चुकीचा शब्द कानावर पडला तर हातातला घास ताटात परत ठेवून आधी शब्द दुरुस्त करतात. मी दर शनिवारी देवासहून धारला जातो, त्यांच्यासमोर पाटावर बसतो आणि माझ्या मराठीची धुलाई ऐकून घेतो. इतका निवांतपणा मला झोपेतही मिळत नाही.

तर झालं असं की श्रावणात अण्णांना भाजीबाजारात चक्कर आली. भुट्टेवाल्या बाईने त्यांना भुट्ट्यांच्या ढिगाला टेकवून बसवलं, पाणी पाजलं आणि आपल्या जावयाच्या स्कूटरवरून घरी सोडलं. एवढंच. पण ही बातमी धारहून निघाली तेव्हा चक्कर होती, इंदूरला तिची मूर्च्छा झाली आणि पुण्याला पोचेपर्यंत तिला अँब्युलन्स लागली होती. वाटेत कोणी फुगवली ते जाऊ द्या.

पुण्याला माझा मोठा भाऊ असतो, दादा. इंजिनियर आहे. सातव्या मजल्यावर राहतो, लिफ्टने जातो-येतो, आणि मनगटावर असं घड्याळ बांधतो की जे त्याला आता उभा राहा, आता पाणी पी, आता श्वास घे, असं सांगत असतं. बॅटरी संपली तर हा गुदमरून जाईल अशी मला रास्त भीती वाटते. दिवाळीला तो धारला आला तो ठरवूनच.

"अण्णा, आता पुरे झालं. मी तुम्हाला घेऊन जातोय."

अण्णांनी पेपरची घडी घातली. ती वाकडी आली म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"माझ्या पायांस काय झाले?"

"पायांचं कुठे म्हणतोय मी? एकटं राहण्याचं म्हणतोय."

"एकटा राहतो तो पायांवरच राहतो ना? हवेत तरंगत असतो तर गोष्ट निराळी."

मग त्यांनी पैज सांगितली. रविवारी मांडवगडास जावयाचे. मांडूला ते अजून मांडवगडच म्हणतात. गाव येण्याच्या अलीकडे जी मोठी खोह आहे, म्हणजे दरी, तिच्यात पायी उतरायचे, तळच्या नाल्यास पाय लावायचे आणि परत चढून मोटारीपाशी यायचे.

"ह्यात मी कोणाचा हात धरला," अण्णा म्हणाले, "तर सोमवारी तुझ्यासवे पुण्यास येतो. मुकाट. न धरता आलो, तर पुण्याचे नाव काढायचे नाही."

"ही काय पैज झाली? या वयात दरीत?"

"घाबरलास काय रे?"

दादा पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्याच्या हाताखाली शंभर माणसं. पण या एका वाक्याने तो थेट अर्ध्या चड्डीत गेला. म्हणाला, "मी कशाला घाबरू? चला."

पंच म्हणून मला नेमण्यात आलं. माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल आमच्या गल्लीत कुणालाच शंका नव्हती. लहानपणी मी बॅटिंग करता करता अंपायरिंग करत असे आणि दोन्ही कामांत नाबाद राहत असे.

रविवारी सकाळी पोहे खाऊन आम्ही पाच जण माझ्या गाडीत बसलो. अण्णा पुढे, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून. काठी चालेल, असा निकाल मी आदल्या दिवशीच देऊन टाकला होता, कारण काठीला बोटं नसतात. मागे दादा, आमची ही आणि आमची सूनबाई. मुलाला कारखान्यात शिफ्ट होती. सूनबाई देवासचीच, पण घर माळवी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि ती मराठी अशी शिकत होती जशी काही माणसं पोहायला शिकतात, एकदम उडी मारून. हिंदी शब्द उचलायचा, त्याला मराठी शेपूट लावायचं आणि बिनधास्त सोडून द्यायचा. 'मी भूल गेले', 'चाय उबळली', 'पापा, तुम्ही नाराज होऊ नको'. आम्हाला अनुस्वारावरून झोडपणारे अण्णा तिचा एक शब्द कधी दुरुस्त करत नसत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "ती बोलते आहे. तुम्ही नुसते बरळता."

गाडीत दादा फोन काढायचा, बघायचा, ठेवायचा. ही पिशवीतले डबे मोजल्यासारखी चाचपत होती. मी गियर बदलायची गरज नसताना बदलत होतो. संध्याकाळपर्यंत अण्णा धारचे राहणार की पुण्याचे होणार हे ठरायचं होतं, आणि जिथे तिथे शेतात गव्हाची पेरणी चालू होती, जणू काही झालंच नाही.

त्या खोहीबद्दल सांगायचं तर माळव्याचं पठार तिथे अचानक संपतं. चालता चालता जमीनच काढून घेतल्यासारखी वाटते. वरून दगड टाकला तर त्याचा आवाज दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो, इतकी ती खोल आहे. तोंडाशी वनखात्याची पाटी होती: 'वन-पथ, परिवार हेतु सुगम'. पाटीवर एक वानर बसलेलं होतं, सहपरिवार. शेजारी चहा-भज्यांची एक टपरी होती, तिच्यासमोर मी गाडी लावली.

"परिवार हेतु," अण्णांनी वाचलं. "हेतू उत्तम आहे. चला."

उतरण खरोखरच सोपी होती. पोराबाळांना घेऊन जावं अशी, रुंद, वळणावळणाची. सागाची पानं पिवळी पडायला लागली होती. एकेक पान एवढं की त्याच्याखाली पाच माणसांच्या कुटुंबाचं रेशनकार्ड निघावं. मध्ये पळस, धावडा, साळई. सीताफळं वानरांनी आमच्या आधीच आटोपली होती. अण्णा काठी टेकत, दुसरा हात पाठीशी धरून चालले होते. सूनबाई त्यांच्याबरोबर होती. तिला त्यांनी दोन्ही हात मागे बांधायला लावले होते.

"पंचास संशय नको."

"अण्णाजी, मी गिरले तर?"

"तू पडलीस तर मी तुझा हात धरणार नाही. मोठी पैज आहे."

मी कधी सगळ्यांच्या पुढे, कधी सगळ्यांच्या मागे. ते एकदा खोह उतरले, मी तेवढ्यात तीनदा उतरलो असेन. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं की याच वाटेवर एकदा एक बिबट्या कोसभर माझ्या मागे आला आणि शेवटी दमून खाली बसला.

"मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा वाघ होता," दादा म्हणाला.

"वाघ आता परवडत नाही."

तो हसला नाही. त्याचं सगळं लक्ष अण्णांच्या टाचांकडे होतं. प्रत्येक दगडाला त्याचा हात पुढे जायचा आणि आपोआप मागे यायचा.

तळाला नाला अजून वाहत होता. एका ठिकाणी पाणी अडून चांगला कमरेएवढा डोह झाला होता. अण्णांनी चप्पल काढून पाय बुडवला. "लागले रे पाय. पाहिलेस?" मी पाहिलं असं जाहीर केलं. मग दगडांवर बसून पुऱ्या, शेव आणि लसणाची चटणी खाल्ली. माळव्यात शेव बरोबर घेतल्याशिवाय माणूस अंत्ययात्रेलाही निघत नाही. सगळे बसले होते. मी डोहाला फेऱ्या मारत होतो.

"अहो, बसा की," ही म्हणाली. "देवळातसुद्धा एवढ्या प्रदक्षिणा घालत नाही तुम्ही."

चढताना अण्णा आणि सूनबाई पुढे निघाले. अण्णांची चाल हळू, पण थांबत नव्हती. थांबत होता दादा. प्रत्येक वळणावर त्याला फोटो काढावासा वाटे. एकाच धावड्याचे त्याने चारही बाजूंनी इतके फोटो काढले की त्या झाडाचं आधारकार्ड निघालं असतं. घड्याळ पीं पीं करत होतं. हिच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही, त्यामुळे ती दादाला मनापासून साथ देत होती. असं करत आम्ही तिघं अर्ध्या चढणीवर एका सपाट खडकाशी आलो. तिथून गुरांची एक पायवाट झाडीतून सरळ नाल्याकडे जाते. अण्णा आणि सूनबाई केव्हाच दिसेनासे झाले होते.

दादा खडकावर बसला. जरा दम खाल्ल्यावर म्हणाला, "जिंकणार बहुतेक."

"बहुतेक."

"तुला आनंद झालाय."

"पंचाला आनंद होत नाही."

तो काडीने खडकावरचं शेवाळ खरवडत राहिला. "तू शनिवारी जातोस. रविवारपासून शुक्रवारपर्यंत तिथे कोण असतं, एवढं सांग मला. चक्कर वार बघून येते का?"

माझ्याकडे सगळ्या गोष्टींवर उत्तर असतं, निदान गोष्ट तरी असते. त्या वेळी मात्र मी उठलो, खडकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. ही माझ्याकडे बघत होती. मग काहीतरी करायचं म्हणून मी तोंडाशी हात धरून वरच्या झाडीकडे ओरडलो.

"सूनबाई, अण्णा कुठे आहेत?"

थोड्या वेळाने वरून, सागांच्या पलीकडून, तिचा आवाज आला.

"अण्णाजी खाली बसलेत."

दादाने काडी टाकली. "खाली?"

मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. दादा उभा राहून ओरडला, "बरे आहेत ना?"

"हो, हो. एकदम खाली."

आता वाचणाऱ्याने मला सांगावं की या वाक्याचा आम्ही दुसरा काय अर्थ घ्यायचा. अण्णा खाली आहेत, अगदी तळाशी, नाल्यावर, बसलेत. म्हणजे चढवेना म्हणून या गुरांच्या वाटेने परत उतरले असणार. "पण मग ती वर कशी?" एवढं हिने विचारलं, आणि दादा म्हणाला, "गाडीतून पाणी आणायला पळाली असेल." घाबरलेल्या माणसाला कारणं आयती सुचतात. माझ्या खोट्या गोष्टीसुद्धा इतक्या पटकन जुळून येत नाहीत.

दादा त्या वाटेने सुटला. ज्या माणसाला चढताना दर वळणावर फोटो लागत होता तो सांबरासारखा उड्या मारत गेला. दोन-तीन करवंदीच्या जाळ्या तर त्याने बाजूने जायची तसदी न घेता मधूनच पार केल्या. मी मागे, ही माझ्या मागे, बसत, घसरत, माझ्या कुळाचा उद्धार करत.

नाल्यावर कुणी नव्हतं. ज्या दगडावर आम्ही जेवलो तो रिकामा होता.

"अण्णा," दादाने हाक मारली. समोरच्या कड्याने ती परत केली. त्याने पुन्हा मारली. मग मीही. खोह नुसती अण्णा अण्णा करायला लागली, आणि हाका थांबल्या की त्या जागी एवढी शांतता होई की पुढची हाक मारायची भीती वाटे.

मग दादाला डोहात काहीतरी दिसलं. पांढरं, पलीकडच्या काठाला, अर्धवट बुडालेलं. अण्णा बाहेर पडताना पांढरी टोपी घालतात. त्या दिवशीही होती.

तो बूट न काढता पाण्यात शिरला. कमरेपर्यंत. घड्याळाचा हात पाण्याखाली घालून चाचपत होता. मी काठावरून बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय जागचे हलत नव्हते. दादाने ते पांढरं उचललं. शेवेची पिशवी होती, आमचीच. ती हातात धरून तो पाण्यात तसाच उभा राहिला, आणि त्याचा चेहरा मी वर्णन करणार नाही, कारण तिथे मला वाढवून सांगण्यासारखं काही नाही.

"काय हरवले रे?"

गुरांच्या वाटेच्या तोंडाशी अण्णा उभे होते. टोपीवर सागाचं वाळकं पान, धोतराला कुसळं, हातात काठी नाही. त्यांच्या मागे सूनबाई, धापा टाकत.

"तुम्ही," दादा म्हणाला.

अण्णांचा श्वास वर-खाली होत होता. "तुमच्या हाका ऐकल्या. मजला वाटले तुमच्यापैकी कोणी पडले. काठीसुद्धा घेतली नाही."

"पण तुम्ही खाली होतात ना?"

"मी वर होतो. मोटारीपाशी. तुमची वाट पाहत झाडास टेकून बसलो होतो."

सगळ्यांनी सूनबाईकडे बघितलं. तिला काहीच कळेना.

"मी बोलले तर होते, पापा. अण्णाजी खाली बसलेत. पोचून गेले, आता काही काम नाही, खाली बसलेत." आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिने तोंडावर हात ठेवला. "हाय राम. मराठीत खाली म्हणजे नीचे."

हिंदीत जो रिकामा बसतो तो 'खाली' बसतो. आम्ही रोज इंदूरच्या दुकानात, बसस्टँडवर, टीव्हीवर हे ऐकतो आणि समजतो. कुणी भिया, म्हणजे आमच्याकडचा भैया, म्हणाला असता 'खाली बैठे हैं', तर आम्ही जागचे हललो नसतो. पण सूनबाईने शेवटाला 'बसलेत' लावलं आणि आम्ही तिघं शिकलेसवरलेले डोंगरावरून खाली आलो.

दादा पाण्यातून बाहेर आला आणि तिला काहीतरी बोलणार होता. अण्णांनी हात वर केला.

"वाक्य शुद्ध आहे. जमिनीवर बसलो होतो, म्हणून खाली. काम नव्हते, म्हणून खाली. नाल्यात पडलो हा अर्थ तुम्ही पदरचा घातला आहे."

ही आधी हसली. मग सूनबाई, मग मी. दादा बुटातलं पाणी ओतत होता, ओतता ओतता म्हणाला, "जाऊ दे. तुम्ही वर पोचला होतात. हात धरला नव्हता. पैज जिंकलात."

मी पंच म्हणून तोंड उघडलंच होतं, तर अण्णा म्हणाले, "परत मोटारीपाशी यावयाचे, असे ठरले होते. मोटार वर आहे. मी कोठे आहे?"

"अहो अण्णा, एकदा पोचलात ना?"

"पोचलेला मनुष्य नाल्यात उभा नसतो."

आपल्याच पैजेचा असा शब्दशः अर्थ लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी कायद्याचे चार मुद्दे काढले, ते त्यांनी उडवून लावले. तोवर ऊन कड्यावर सरकलं होतं आणि तळाला गार वाटायला लागलं होतं. अण्णा निघाले. तीन-चार वळणं गेले असतील, आणि मग थांबले. नाल्यापर्यंत धावत आलेले ऐंशीचे पाय आता हिशोब मागत होते. ते एका दगडावर बसले. म्हणाले, "अंमळ टेकतो." बराच वेळ टेकले. उठायला गेले आणि पुन्हा बसले.

त्यांच्या समोर चार माणसांचे आठ हात होते आणि एकही पुढे करायची सोय नव्हती. मी वर दोन वळणं जाऊन आलो, खाली दोन वळणं जाऊन आलो. काठी आणायला वर पळावं तर त्यांना सोडून जाववेना. दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला, ओल्या कपड्यांनी कुडकुडत.

"अण्णा, हात द्या. मी पैज धरत नाही."

"मी धरतो."

तेव्हा सूनबाईने दुपट्टा काढला. आमच्या देवास-इंदूरच्या पोरी स्कूटीवर बसताना दुपट्टा तोंडाला असा गुंडाळतात की खुद्द आईबाप गाडीच्या नंबरावरून मुलगी ओळखतात. तो तिच्या कमरेला बांधलेला होता. तिने एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं अण्णांसमोर धरलं.

"अण्णाजी, हा हात नाही. कपडा आहे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पंचगिरीची सगळी पुण्याई मी त्या क्षणी पणाला लावली.

"कपड्याला बोटं नसतात," मी म्हणालो.

दादाने हरकत घेतली नाही. अण्णांनी टोक दोन्ही हातांनी पकडलं आणि उठले. सूनबाई पुढे, पाठमोरी, एकेक पाऊल ओढ देत. अण्णा मधे. त्यांच्या मागे दादा, दोन्ही बाजूंना हात पसरून, न शिवता; मुलाला सायकल शिकवताना मागून धावणारा बाप दिसतो तसा दिसत होता. आम्ही दोघं नवरा-बायको सर्वांत मागे. मी पहिल्यांदाच कुणाच्या पुढे गेलो नाही.

वरच्या टोकाआधी एक घसरणीचा पट्टा आहे, सगळा मुरूम. तिथे अण्णांचा पाय सुटला. दुपट्टा ताणला, सूनबाई पुढून ओढली गेली, आणि अण्णांचा एक हात कपड्यावरून निसटून मागे हवेत आला. दादाच्या हातापासून वितीवर. त्याने नुसती मूठ मिटली असती तरी पुरे होतं. सोमवारी अण्णा पुण्याच्या गाडीत असते, आणि ते स्वतःच्याच शब्दाने बांधलेले असल्यामुळे एक अक्षर बोलले नसते.

दादाने हात पाठीमागे घेतले. गुडघा मुरमात रोवला आणि आपली मांडी अण्णांच्या पायाखाली सरकवली.

"ठेवा," तो म्हणाला. "पायरी आहे."

अण्णांनी पाय ठेवला. तिथून दुसरी मांडी. असे ते त्या पट्ट्यावरून, मुलाच्या अंगाच्या पायऱ्या करत, वर गेले. सूनबाई 'आ जाओ, आ जाओ' करत ओढत होती. ही माझ्या कानाशी म्हणाली, "पैज कोण हरतंय ते भावजींना कळतंय ना?" मी म्हणालो, कळतंय.

गाडीपाशी पोचल्यावर अण्णांनी बॉनेटला हात लावला आणि मग झाडाखालची काठी उचलून घेतली. मी निकाल जाहीर केला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टपरीवाल्याने चहा टाकला. दादा टपरीवाल्याची घोंगडी पांघरून बाकावर बसला होता, त्याचं घड्याळ आतून धुकं धरून गप्प झालं होतं आणि तो तरीही श्वास घेत होता.

"धार," दादा म्हणाला. "पुन्हा विषय काढणार नाही."

अण्णांनी मान हलवली. वाफाळता कप तसाच धरून बसले. मग दादा, कुणी विचारलं नसताना, सांगायला लागला की त्याने अण्णांसाठी खोली तयार केली होती. खिडकी पूर्वेची. पलंग कमी उंचीचा. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायचे दांडे बसवून घेतले होते, चांगले जाड, स्टीलचे. बसवून महिना झाला होता. बोलता बोलता तो थांबला आणि चहाकडे बघत राहिला.

खालच्या झाडीत वानरांची रात्रीच्या जागेवरून भांडणं चालली होती. मी तीन वेळा उठलो आणि हिने तीनदा शर्ट धरून बसवलं.

"ते दांडे," अण्णा म्हणाले, "निघतात काय?"

दादाला आधी कळलं नाही. "स्क्रूने आहेत. निघतात."

"मग घेऊन ये."

पौषात तो घेऊन आला. रात्रीच्या बसने, चादरीत गुंडाळून, कुशीत धरून. बसमधल्या लोकांना वाटलं बंदूक आहे आणि सेंधव्यापर्यंत कुणी त्याच्या शेजारी बसलं नाही. ड्रिल मशीन शेजारून आणलं. मिस्त्री बोलावू या म्हटलं तर ऐकेना. स्वतः भोकं पाडली, आणि इंजिनियर असूनही एक दांडा तिरका बसवला. अण्णा दाराशी उभे राहून 'दांडी नव्हे, दांडा', 'भोक नव्हे, छिद्र' करत होते. दोन दिवस राहून दादा गेला.

मी अजून शनिवारी जातो. परवा हात धुवायला आत गेलो तर तिरक्या दांड्यावर पंचा वाळत होता. बाहेर येऊन विचारलं, "दांडा वापरता का?"

"पंचा वाळतो बरा," अण्णा म्हणाले. "बस."

मी बसलो. पण पंचा दांड्याच्या एका टोकाला गोळा करून घातलेला होता. उरलेला दांडा मोकळा ठेवला होता, आणि तो मधोमध चांगलाच चकाकत होता.